गोजरबाई आणि फुंकणारी विहीर

कुंभार पिंपळगावच्या सरकारी शाळेत गोजरबाई पहिल्यांदा आली ती भांडायला.

सन १९३८ चा हिवाळा होता. वामन नरहर अंबेकर हा चोवीस वर्षांचा मास्तर शाळेत नुकताच रुजू झाला होता. घर जालन्यात, मस्तगडावर. शिक्षण हैदराबादच्या विद्यापीठात झालेलं, तेही सगळं उर्दूतून. आता तो घरी मराठी बोलणाऱ्या पोरांना उर्दू पुस्तकातून शास्त्र शिकवत होता. आदल्या दिवशी भर बाजारात कुणीतरी त्याला कचरूच्या कोरड्या विहिरीबद्दल विचारलं. विहिरीच्या तळाला भोक आहे, त्यातून आत बसलेलं कुणीतरी फुंकर घालतं, असं लोक म्हणत. वामन हसून म्हणाला, "भुतंबितं काही नाहीत. आणि विहिरीतून वाराही येत नसतो."

दुसऱ्या दिवशी चाळिशीची एक बाई वर्गाच्या दारात उभी राहिली. ही कचरूची बायको. कंबरेला विळा खोचलेला, कपाळावर घाम. शेतातून तडक आल्ती.

"मास्तर, भूत न्हाई हे मला बी ठाऊक हाये. पण वारा येत न्हाई हे तुम्ही कशावरून म्हनलात? बघितलं का येऊन?"

"नाही बघितलं, मावशी."

"मंग?"

वामननं खडू खाली ठेवला. पुढं तो स्वतःच सांगे, की विद्यापीठातल्या चार वर्षांत कुठल्याही प्रोफेसरानं त्याला असं निरुत्तर केलं नव्हतं. सुट्टी होताच तो तिच्या मागोमाग शेतावर गेला.

विहीर गोजरबाईच्या सासऱ्यानं खणलेली. पाच पुरुष खोल जाऊनही पाणी लागलं नव्हतं. शेवटी पहारीचा एक घाव खडकातून आरपार गेला आणि मुठीएवढं भोक पडलं. त्यातून पाणी आलं नाहीच, उलट पावसाचं पाणीही ते गिळून टाकी. सासऱ्यानं नाद सोडला. पण गोजरबाई एकदा हरवलेली शेळी शोधत पायऱ्यांनी तळाशी उतरली आणि तिच्या पायाला गार वारा लागला. तेव्हापासून ती बघत होती. भोकात तिनं पोकळ बांबू बसवला होता, कडेनं चिखल लिंपला होता आणि बांबूच्या तोंडाशी जुन्या लुगड्याची चिंधी बांधली होती.

वामन खाली उतरला तेव्हा दुपार कलली होती. चिंधी बाहेरच्या बाजूला ताठ फडफडत होती. त्यानं बांबूवर तळहात धरला. वारा होता, बराबर होता.

"आता बाहेर टाकून राह्यली," गोजरबाई म्हणाली. "सकाळी दिवस वर आला की आत ओढती."

"रोज?"

"रोज. वर चला, दाखवते."

शेतातल्या खोपीची मातीची भिंत तिनं आतून सारवून घेतली होती. त्यावर ठिपक्यांच्या रांगा होत्या. चुन्याचा ठिपका म्हणजे विहिरीनं बाहेर टाकलं, गेरूचा म्हणजे आत घेतलं. एक आडवी रांग म्हणजे एक दिवस. दिवसाची वेळ ती खोपीसमोर रोवलेल्या काठीच्या सावलीवरून धरी आणि राखणीला शेतात मुक्काम असला की रात्रीची वेळ चांदण्यांवरून. तिला अक्षर येत नव्हतं. पण त्या भिंतीवर चाळीस दिवस मांडलेले होते आणि पांढरे-तांबडे पट्टे वरपासून खालपर्यंत जवळपास सरळ उतरले होते.

वामन बराच वेळ भिंतीपुढं उकिडवा बसला. मग त्याला उत्तर सापडल्यासारखं वाटलं. तो उत्साहानं म्हणाला, "सोपं आहे, मावशी. दिवसा ऊन तापतं, आतली हवा फुगते, बाहेर येते. रात्री गार पडते, आकसते, म्हणून आत ओढते."

गोजरबाईनं भिंतीच्या एका टोकावर बोट ठेवलं. "मंग ह्ये काय? पहाटं कोंबडं आरवायच्या आधीचे ठिपके. सगळे चुन्याचे. तवा तर थंडीनं दातावर दात आपटत असत्यात. अन् तवा बी ती बाहेरच टाकती. दिवसातून दोनदा घेती, दोनदा सोडती. तुमच्या उन्हाचं एकदाच व्हायला पायजे."

तिचं म्हणणं बिनतोड होतं. वामन चालत गावात परतला, पण त्याचं डोकं भिंतीपाशीच राहिलं. आठ दिवसांनी जुन्या वह्या चाळताना त्याला सापडलं, की हवेचा दाबही दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. हे वाक्य त्यानं परीक्षेसाठी पाठ केलं होतं, लिहिलं होतं आणि विसरूनही गेला होता. ते खरंच कुठं घडत असेल, असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

त्यानं हैदराबादला आपल्या जुन्या प्रोफेसरांना, हाश्मी साहेबांना, पत्र लिहिलं. महिन्याभरानं परतूर स्टेशनावर भुसा भरलेली एक पेटी उतरली. आत पितळी घड्याळासारखं दाब दाखवणारं यंत्र होतं. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, की यंत्र तीन महिन्यांनी परत करावं आणि ज्या बाईनं तुझी चूक काढली तिला माझा सलाम सांगावा.

यंत्र खोपीत टांगलं. काटा दिवसभरात सरकून सरकून ज्वारीच्या दाण्याएवढा सरके. गोजरबाईला आकडे येत नव्हते, म्हणून वामननं काचेच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवली आणि तिनं त्यावर स्वतःच्या खुणा केल्या. काटा वर चढत असला की चिंधी आत जाई, खाली उतरू लागला की बाहेर येई. एका दुपारी काटा खाली गेला तो परत फिरेना आणि विहीर रात्रभर फुंकत राहिली. दुसऱ्या दिवशी गारपीट झाली.

"म्हणजे भाईरची हवा जड झाली की आत दाबून शिरती," गोजरबाई हळूहळू म्हणाली, "अन् हलकी झाली की आतली सुटती. तिच्यात कुणी न्हाई. ती नुसती पोकळ हाये." मग तिनं विचारलं, "पण मास्तर, किती पोकळ? एवढा वारा मावतो कुठं?"

हे वामनच्या वह्यांत नव्हतं.

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. तिचा दीर बद्रीनाथ शेतीची सगळी कामं बघे. विहिरीच्या भीतीनं त्या पट्टीत खुरपायला बाया येईनात. मास्तर रोज उतरतो म्हटल्यावर तर भीती आणखी वाढली. गोजरबाई बहिणीकडं तीर्थपुरीला गेल्ती, तेवढ्यात बद्रीनाथनं बांबू उपटला आणि भोकावर दगड-चिखल टाकून ते बुजवून टाकलं. कचरूनं भावाला अडवलं नाही.

परत आल्यावर गोजरबाई तळाशी उतरली आणि तशीच वर आली. दिरावर ओरडली नाही. दोन दिवस जेवलीही नाही. वामन भेटायला आला तेव्हा तो रडकुंडीला आला होता. पुढच्याच महिन्यात ही विहीर बघायला हाश्मी साहेब स्वतः येणार होते.

"या म्हनावं त्यांना," ती म्हणाली. "एवढी हवा आत कोंडून बिलकुल गप बसायची न्हाई. दुसरीकडून निघतच असंल."

मग तिनं काठीला चिंधी बांधली आणि शिवार पालथं घातलं. जुन्या विहिरी, घळी, खडकातल्या भेगा, काही सोडलं नाही. लोक हसले. पंधराव्या दिवशी, अर्ध्या मैलावरच्या ओढ्याच्या काठाला, करवंदीच्या जाळीमागं खडकाला एक भेग सापडली. चिंधी तिच्यापुढं धरताच ती उडायला लागली. ओढ्यावर शेळ्या चारणारी नंदाबाई म्हणाली, की भेग तिची नेहमीची बसायची जागा, पण तिथून एवढा वारा ह्या महिन्यातच यायला लागलाय.

"ह्या महिन्यातच?" गोजरबाईनं तिला तीनदा विचारून घेतलं.

हाश्मी साहेब परतूरहून बैलांच्या दमणीतून आले. पांढरी दाढी, काळी शेरवानी, तिच्यावर वाटेतली धूळ. त्यांनी आधी खोपीतली भिंत बघितली, मग ओढ्याकाठची भेग. गोजरबाईचं म्हणणं होतं, की विहीर आणि भेग आतून एकच. विहिरीचं तोंड बंद झालं म्हणून भेगेचा जोर वाढला. हाश्मी साहेबांनी मान हलवली. "इत्तेफाक भी हो सकता है, बाई." योगायोगही असेल म्हणतात, असं वामननं तिला सांगितलं.

"असंल. मंग उघडून बघू."

ती तिथूनच बद्रीनाथकडं गेली. सगळ्यांना वाटलं, आता भांडण पेटणार.

"भावजी," ती म्हणाली, "तुम्ही बंद केलंत म्हनून तर मला ती भेग घावली. आता एक दिस उघडा. अन् तुम्हीच उघडा, तुम्हीच बंद करा. म्हंजी मी काही केलं असं कुणी म्हनायचं न्हाई."

बद्रीनाथनं डोक्यावरचं पागोटं सारखं केलं. मग म्हणाला, "उघडतो. पण मला बी बघायचंय."

दुसऱ्या दुपारी विहीर आणि ओढा यांच्यामधल्या टेकाडावर वामन उभा राहिला. भेगेपाशी गोजरबाई आणि हाश्मी साहेब. बद्रीनाथनं तळातले दगड काढले, वर आला आणि डोक्याचं पागोटं सोडून हलवलं. वामननं टेकाडावरून रुमाल हलवून ती खूण पुढं पोचवली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग भेगेपुढची ताठ चिंधी सैल पडायला लागली. पडत पडत दगडाला टेकली. घटकाभरानं बद्रीनाथनं भोक बंद केलं, पागोटं हलवलं, आणि चिंधी पुन्हा अंग झाडून उठली. असं तीनदा केलं. चौथ्यांदा बद्रीनाथ स्वतः धावत ओढ्यावर आला, कारण त्यानं अजून चिंधी पडलेली पाहिली नव्हती. भोक बंद करायला कचरूला पाठवावं लागलं.

हाश्मी साहेब दगडावर बसले. "आपको ये तरीका किसने सिखाया?"

"कुनी न्हाई. चिंधी बांधली अन् बघत बसले."

भोक नंतर पुन्हा कधी कायमचं बुजलं नाही. बद्रीनाथनंच त्यावर लाकडी झाकण बसवलं आणि खुरपणाऱ्या बायांना ते स्वतः उघडून दाखवू लागला. वामन दाबाचा धडा आता तिथंच घेई. पुस्तकातलं "हवा का दबाव" वाचून झालं की पोरांना विहिरीवर नेई आणि पुढचं गोजरबाईवर सोपवी. ती विचारी, "आता चिंधी कुणीकडं जाईल?" कोण म्हणे आत, कोण म्हणे बाहेर. ती खरं-खोटं काहीच सांगायची नाही. "थांबा अन् बघा," एवढंच म्हणे, आणि पोरं उन्हात माना उंचावून बसून राहत.

१९४१ साली हैदराबादच्या एका उर्दू मासिकात हाश्मी साहेबांचा लेख आला. वामननं तो गोजरबाईच्या अंगणात बसून घरातल्या सगळ्यांना मराठी करून वाचून दाखवला. दुसऱ्याच परिच्छेदात नाव होतं, मुसम्मात म्हणजे श्रीमती गोजरबाई, साकिन म्हणजे राहणार कुंभार पिंपळगाव. कचरूनं ती ओळ पुन्हा वाचायला लावली. गोजरबाईनं मात्र पुढचं ऐकलं आणि एका जागी हात वर केला.

"काय म्हनले? भेगेचा अन् विहिरीचा वारा एकाच टायमाला उलटतो?"

"असंच लिहिलंय."

"चूक हाये. भेग मागं पडती. विहीर उलटली की बऱ्याच येळानं भेग उलटती. मी सांगितलं व्हतं त्यांना. साहेब चहा पिऊन राह्यले व्हते, ध्यान नसंल."

वामननं त्याच दिवशी पत्र लिहिलं. त्याला धास्ती वाटत होती, एवढ्या मोठ्या माणसाची छापलेली चूक काढायची म्हणजे काय. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, अवघ्या दोन ओळींचं. पहिल्या ओळीत माफी होती. दुसरीत प्रश्न होता, की नेमकी किती मागे पडते, आणि उन्हाळ्यात जास्त की हिवाळ्यात?

वामननं ते गोजरबाईला वाचून दाखवलं. तिनं खोपीची भिंत नव्यानं सारवायला घेतली.