दोराची गाठ

सुमनकाकू विहिरीवर रहाटाच्या दोराला कपडे वाळत घालायची दोरी जोडत होत्या. आमच्याकडे ही गाठ वैशाखात पडते. आत्ता कुठे मार्गशीर्ष लागलाय.

"काकू, एवढ्यात?"

"कळशी पोचेना गं. माळावर कॅसिनो येणार ना, त्यांनी बोअर मारून तीन दिवस पंप चालवून बघितला. तेव्हापासून."

माळाला त्यांनी तारेचं कुंपण घातलंय. वर हद्द कळते. खाली अंधारात पाण्याला कुठली हद्द? आपल्या विहिरीतलं ते आपलं, असं मी जन्मभर धरून चालले होते.

काकूंनी दोर सोडला. गाठ रहाटावरून खाली गेली, दिसेनाशी झाली. आम्ही दोघी कान देऊन उभ्या. बऱ्याच वेळाने कळशी बुडाल्याचा आवाज आला.

"मिळालं," काकू हसल्या.

मला हसू येईना. कॅसिनोची अजून एक वीटही बसलेली नाही.