रुमालाऐवजी गाडी

आमच्या सेलूच्या ड्रॉइंगच्या सरांच्या लेखी जगात माणसांचे दोनच प्रकार आहेत: पिवळ्या पट्ट्यांतली जागा मोकळी सोडणारे आणि त्या जागेत गाडी घुसवणारे. धर्म, पक्ष, पगार वगैरे सगळं नंतर. मी दुसऱ्या प्रकारातला, आणि तोही दोनदा. पहिली वेळ हसण्यावारी गेली. दुसरी सांगायची म्हणून लिहायला बसलो आहे. पण आधी पहिलीच सांगतो, कारण तिच्यात मी त्यातल्या त्यात कमी वाईट दिसतो.

वर्ध्याला एका बँकेसमोर दिव्यांगांसाठी राखलेली एक जागा आहे. जमिनीवर पिवळ्या पट्ट्या, मधोमध चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचं चित्र. तिथे मी दोन मिनिटांसाठी गाडी लावली. पासबुक छापायच्या मशीनने त्या दोन मिनिटांचा पाऊण तास केला. बाहेर आलो तर काचेवर चिठ्ठी. अक्षर असं, की लग्नाची पत्रिका वाटावी. मजकूर: 'महोदय, आपला कोणता पाय गेला ते कळवावे. समाचाराला येतो.' शेजारी मागे दोन जादा चाकं लावलेली मोपेड, आणि तिच्यावर, पोलिओने वाळलेला डावा पाय हाताने उचलून नीट मांडून ठेवलेले, खिशाला चार पेनं लावलेले साठीपुढचे गृहस्थ. भोवती दहाबारा रिकामी माणसं. कुणाही सज्जनाने अशा वेळी माफी मागितली असती. मी लंगडायला लागलो. तो निर्णय माझ्या डोक्याने घेतला नव्हता, पायांनीच परस्पर घेतला. गाडीपर्यंत उजव्या पायाने लंगडलो, मध्ये किल्ली पडली, ती उचलली आणि गडबडीत पुढची चार पावलं डाव्याने लंगडलो. गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाले, "कोन्ता पाय ते पयले ठरवून घे राजा. मी थांबतो."

हेच ते ड्रॉइंगचे सर. त्या दिवसापासून आमची मैत्री. सरांनी मला शाळेत कधी शिकवलं नाही. जे शिकवलं ते पार्किंगमध्ये. त्यांच्या डिक्कीत पिवळ्या ऑइलपेंटचा डबा, दोन ब्रश आणि शाळेतून निवृत्त होताना मागून आणलेला फळ्यावरचा लाकडी कंपास कायम असायचा. कुठे पट्ट्या पुसट झालेल्या दिसल्या की गाडी थांबलीच. कोणाची परवानगी वगैरे नाही. कचेऱ्यांच्या रॅम्पना ते कोनमापक लावत आणि निकाल जाहीर करत. एका कार्यालयाच्या रॅम्पकडे पाहून शिपायाला म्हणाले, "इथून खुर्ची सुटली तर मानूस सरळ सिंदीच्या रेल्वे फाटकावर जाऊन थांबंल. तिकीट काढून ठेवत जा." कारंजा गावाजवळच्या एका ढाब्यावर त्यांनी मालकाच्या मागे लागून ट्रकांच्या गर्दीत एक जागा आखली, चित्रही काढलं. आठ दिवसांनी मालकाचा फोन, "गुरुजी, ते चाक मिटवा. पंक्चरवाला समजून ड्रायव्हर लोक टायर घेऊन येऊन राह्यले." सरांनी चित्र मिटवलं नाही. खाली बाण काढून खरा पंक्चरवाला कुठे आहे तेवढं दाखवलं.

आणि वही. जाड पुठ्ठ्याची, हाताने आखलेली. त्यात राखीव जागेत घुसलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर, ठिकाण, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. 'समज दिली.' 'भांडला.' 'भांडला, नंतर रडला.' 'आमदारांचा भाचा असल्याचे सांगतो, चौकशी करणे.' माझ्यापुढे लिहिलं होतं: 'दोन्ही पायांनी लंगडा.'

एवढ्या माणसाचं सगळं अडलं ते एका कार्डावर. त्यांचं अपंगत्वाचं जुनं प्रमाणपत्र हाताने लिहिलेलं, घड्यांवर फाटलेलं. आता नवीन कार्ड लागणार होतं. ते नसेल तर त्या जादा चाकांच्या गाडीचे कागद आरटीओत नवे होईनात, आणि कागद नाहीत तर गाडी रस्त्यावर आणता येईना. सर एकटे राहतात. दळण, औषध, वर्तमानपत्र, भांडण, सगळं त्या गाडीवर. "गाडी बंद झाली म्हंजे मी घरातलं कपाट झालो समज," ते म्हणाले होते. कार्डासाठी डॉक्टरांचं बोर्ड दर बुधवारी एका मोठ्या दवाखान्यात बसतं. त्याचं नाव सांगत नाही, मला तिथे अजून जावं लागतं. सर तीनदा जाऊन परत आले. एकदा हाडांचे डॉक्टर रजेवर, एकदा मशीन बंद, एकदा नंबर संपले. कागदांची मुदत संपायला एकच बुधवार उरला होता.

इथे मी मदतीला धावलो. माझी मदत हा आमच्या घरात काळजीचा विषय आहे. दवाखान्याच्या दाराशी राखीव जागा एकच, आणि बुधवारी ती सकाळीच कुणीतरी बळकावतो, हे सरांनीच सांगितलं होतं. मला एसटीची सवय. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा, की सीट आपली. त्यावर आमच्याकडे कोणी वाद घालत नाही. माझी गाडी गॅरेजात होती, म्हणून मी भल्या सकाळी साळ्याची पांढरी गाडी मागून आणली आणि नेऊन त्या जागेत उभी केली. सर आले की काढायची, ते आत, मी बाहेर. नंतर नंबराची चिठ्ठी घ्यायला वरच्या मजल्यावर रांगेत जाऊन उभा राहिलो. सरांना कळवलं नाही, कारण मला त्यांचा चकित झालेला चेहरा पाहायचा होता.

आमचा नंबर तिसरा लागला. चिठ्ठी नाचवत मी जिन्याच्या खिडकीशी आलो, तोवर खाली गलका झाला होता. सर ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी आले होते. जागेत पांढरी गाडी. त्यांनी वही काढून नंबर लिहिला, दोनदा हॉर्न वाजवला, थोडं थांबले, आणि मोपेड मागच्या अंगाला नेऊन लावली. तिथे बांधकामाची गिट्टी पसरलेली. कुबडी घसरली. खुबा मोडला, तोही उजव्या बाजूचा, म्हणजे आयुष्यभर दोघांचं काम करत आलेल्या पायाचा. वरच्या मजल्यावर बोर्डाने त्यांच्या नावाचा पुकारा केला तेव्हा खालच्या मजल्यावर त्यांना स्ट्रेचरवर घेत होते.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर सरांनी पहिलं काय मागितलं असेल तर वही. "हा नंबर पाहा," मला म्हणाले. "पांढरी गाडी. कोनाची हाय ते शोधून काढ बाबू. मले भांडाचं नाई. फक्त इचाराचं हाय."

"शोधतो सर," मी म्हणालो. आणि पुढचे पंधरा दिवस मी शोधत होतो. रोज डबा घेऊन जायचो, रोज काहीतरी सांगायचो. आरटीओतला माणूस सुटीवर आहे. नंबर नागपूरकडचा निघतोय. मला इतकं छान खोटं बोलता येतं हे तेव्हा कळलं. सोळाव्या दिवशी सर म्हणाले, "थकला असशील, राहू दे." ते मात्र सहन झालं नाही.

"सापडला सर."

"कोन?"

"मी."

सर छताच्या पंख्याकडे पाहत राहिले. "काऊन?"

"तुमच्यासाठी जागा धरली होती. रुमाल टाकतो तशी."

मग पंख्याकडेच पाहत ते म्हणाले, "रुमाल उचलून बाजूले ठेवता येते बे. गाडी कशी उचलू मी?" आणि तोंड भिंतीकडे वळवलं. पुढचे आठ दिवस मी डबा नर्सच्या हाती देऊन परत येत होतो. नवव्या दिवशी निरोप आला, भाजीत मीठ कमी असते.

चार महिन्यांनी मी त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून बोर्डापुढे नेलं. या वेळी कोणी रजेवर नव्हतं, मशीनही चालू होती. कार्ड आलं. जुन्या कागदावर पंचेचाळीस टक्के होते, नव्यावर ऐंशी. "जल्मभर पोरायले पासापुरते मार्क देल्ले," सर कार्ड उलटंसुलटं करून पाहत म्हणाले, "आन् मले पाहा. डिस्टिंक्शन." मी हसलो नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तेही हसले नाहीत. मोपेड त्यांच्या अंगणात जुन्या चादरीखाली उभी आहे. तिचे कागद आता मिळू शकतात. तिच्यावर बसायची डॉक्टरांनी कायमची बंदी केली आहे.

आता बुधवारी तपासणीला मीच त्यांना घेऊन जातो. काचेला आतून कार्डाची प्रत लावलेली असते, म्हणजे त्या जागेत गाडी लावण्याचा मला पूर्ण अधिकार आहे. तरी दर वेळी उतरल्यावर मी काचेवरचं कार्ड दोनदा तपासतो. मागच्या महिन्यात पट्ट्या पुसट दिसल्या तर सरांनी माझ्या डिक्कीतला रंगाचा डबा काढायला लावला. मी डांबरावर गुडघे टेकून रंगवत होतो, ते पुढच्या सीटवरून काच खाली करून ओरडत होते, "गोल कर बे, गोल! चाक हाय ते, वांगं नोहे!" येणारेजाणारे थांबून पाहत होते.

घरी परतताना त्यांच्या मांडीवर वही उघडी होती. पांढऱ्या गाडीचा नंबर दिसला. वरच्या, खालच्या सगळ्या ओळींना शेरे आहेत. तेवढा एक रकाना कोरा.

"सर, लिहून टाका ना काय ते," मी म्हणालो.

"लिहीन ना. घाई काय हाय?" त्यांनी वही मिटली, पाय हाताने उचलून नीट केला. "तू बुधवारी येजो."