तोंडावरचा रुमाल

"रुमाल काढ. बांध तोंडाला."

बाईंनी हे अगदी शांतपणे सांगितलं. ओरडल्या असत्या तर मला एवढं लागलं नसतं. ओरडून बोलणं म्हणजे आमच्या घरातलं साधं बोलणं. मी आठवीत होते. बाईंनी इतिहासाचा प्रश्न विचारला, मला उत्तर येत होतं, मी उठून दिलं. उत्तर बरोबर होतं. पण आवाज एवढा मोठा निघाला की शेजारच्या वर्गातले सर दारात डोकावून गेले. वर्ग फिदीफिदी हसायला लागला.

"हा लूमचा कारखाना नाही, शाळा आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हा लोकांना हळू बोलताच येत नाही का?"

मी रुमाल काढला. आईने जुनी चादर फाडून, कडेला दोरा घालून तो मला शिवून दिला होता. तोंडावर बांधला. मागे गाठ मारली. शाळा सुटेपर्यंत तसाच ठेवला. मधल्या सुट्टीत डबा उघडला नाही. पोरं जवळ यायची, कानांवर हात ठेवायची आणि "ए भय्यीण, अब बोल" म्हणून पळायची. एका मुलीने मागून येऊन गाठ आणखी आवळली. रुमाल ओला झाला तो माझ्या श्वासाने, असं मी आजही सांगते.

बाईंना एक गोष्ट माहीत नव्हती. माहीत करून घ्यावीशीही वाटली नव्हती.

आम्ही गोरखपूरकडचे. मी चालायला लागले नव्हते तेव्हा बाबूजी भिवंडीत लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालवायला आले. कारखान्याच्याच इमारतीत खोली मिळाली. खालचे दोन मजले लूम, वर आमच्यासारख्यांच्या खोल्या. लूमचा खडखडाट जमिनीतून वर यायचा, भिंतीतून यायचा, झोपलं की उशीतून यायचा. त्यात कोण हळू बोलणार? आई माझ्याशी बोलायची ती ओरडूनच. लाडाने बोलायची तेही ओरडून. "जिथे राहायचं तिथलं बोलायचं," असं म्हणून बाबूजींनी मला मराठी शाळेत घातलं होतं. मी मराठी शिकले, पण तीही ओरडूनच शिकले.

आणि आणखी एक शिकले. लूमवर काम करणारी माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. कुणी शिकवत नाही, येतंच. दोन लूमच्या मधल्या गल्लीत उभा असलेला माणूस पार त्या टोकाच्या माणसाशी बोलतो. आवाज पोचत नाही. ओठ पोचतात. बाबूजी लांबून नुसते ओठ हलवायचे, "पानी ला," आणि मी पाणी घेऊन जायचे. आम्हा पोरांचा तो खेळ होता. खाली रस्त्यावर उभं राहून वरच्या खिडकीतल्या बायका काय बोलतात ते आम्ही एकमेकांना सांगायचो आणि हसायचो.

रुमालानंतर मी आवाज खाली आणला. नेटाने आणला. वर्गात मी एवढी हळू बोलायला लागले की बाईच एकदा म्हणाल्या, "आता बघ, कशी मुलीसारखी बोलतेस." मला बरं वाटलं. हेच आठवलं की अजून जीव जळतो. मला बरं वाटलं होतं.

दहावीला गेले त्या उन्हाळ्यात आमच्या पिठात वाळू यायला लागली.

आई परात घेऊन बसायची आणि घास दाताखाली कचकचायचा. आधी आईला वाटलं, पीठ खराब आलंय. गिरणी बदलली. तरी खडा. मग एकदा ती वर बघत बसली. कोपऱ्यातल्या खांबाच्या वरच्या टोकातून, छताला तो लागतो तिथून, रेती झिरपत होती. लूम चालू असले की झिरपायची. शुक्रवारी सुट्टीला लूम बंद असले की थांबायची. मग आई परातीवर ताट झाकायला लागली. सकाळी खांबाखालची रेती झाडून केरात टाकायची. माझ्या पुस्तकांवर बारीक थर बसायचा, मी फुंकर मारून पान उलटायचे. माणसाला कशाचीही सवय होते. आम्हाला तर लवकरच होते.

इमारतीच्या मालकाला सगळे दादाशेठ म्हणायचे. अंजूरकडे खाडीलगत त्याची शेती होती. तिथे गोडाऊन झाली आणि त्याचे दिवस पालटले. मग त्याने भिवंडीत ही इमारत घेतली, लूम घेतले. आमच्या शाळेचा तो ट्रस्टी होता. वाईट बोलायचा नाही कधी. पोरांच्या डोक्यावरून हात फिरवायचा. पण तो लूमवर कधी उभा राहिला नव्हता. मालक झाला तो थेट मालकच झाला.

एका दुपारी मी बाबूजींचा डबा घेऊन खाली गेले. सगळे लूम चालू, कामगारांचे डोळे आपापल्या धाग्यावर. दादाशेठ मधल्या खांबापाशी उभा होता. बरोबर एक माणूस, हातात छोटी हातोडी. तो खांबावर ठोकून बघत होता. प्लास्टर पडून आतली गंजलेली सळई दिसत होती. दोघं मोकळेपणाने बोलत होते. का नाही बोलणार? दोघांच्या पलीकडे कुणाला शब्द ऐकू येणार नाही असा आवाज. दादाशेठला वाटलं, गुपित बोलायला याहून बरी जागा नाही.

मी डबा छातीशी धरून उभी राहिले आणि वाचत गेले.

तो माणूस म्हणाला, "दादा, खांबाचं काही खरं नाही. लूम तरी बंद करा. वरच्या लोकांना काढा."

दादाशेठ म्हणाला, "लूम बंद करून कसा चालेल? या पावसात काय व्हनार न्हाय. पुढचा पुढं बघू."

"आणि वरची माणसं?"

"भय्यं हायेत. त्यानला काय सांगाचं न्हाय. पलतील सगले."

मग त्याची नजर माझ्यावर पडली. तो हसला. जवळ येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं.

बाबूजींना मी घरी सांगितलं. ते जेवत होते. घास चावताना कचकच झाली, थांबले. म्हणाले, "चुप रह, बबुनी. कमरा भी उनका, काम भी उनका. कहाँ जाएँगे?" आई परातीवरच्या ताटाकडे बघत राहिली. माझे बाबूजी भित्रे नाहीत. गाव सोडून, बायको-पोर घेऊन इतक्या लांब आलेला माणूस भित्रा नसतो. पण त्या दिवशी मी त्यांना घाबरलेलं पाहिलं आणि खांबापेक्षा मला त्याचीच भीती वाटली.

मग मी बाईंकडे गेले. होय, त्याच बाई. शिकलेल्या होत्या, मराठी होत्या, त्यांचं कुणीतरी ऐकलं असतं. सुट्टीतही दहावीचे जादा तास चालू होते. स्टाफरूमच्या दारात उभं राहून मी सांगायला लागले.

"काय पुटपुटतेस? नीट बोल."

मी पुन्हा सांगितलं. बाईंचा चेहरा बदलला.

"तू ऐकलंस?"

"ऐकलं नाही. ओठ बघितले."

"ओठ बघितले!" त्या इतर शिक्षकांकडे वळून हसल्या. मग मला म्हणाल्या, "ज्यांनी तुम्हाला डोक्यावर छप्पर दिलं, त्यांच्याबद्दल असं पसरवतेस? दहावीचं वर्ष आहे तुझं. गप्प अभ्यास कर. आणि हे बाहेर कुठे बोललीस तर या शाळेत दिसणार नाहीस."

पावसाळा तोंडावर आला. आमच्या छताला तडा गेला आणि तो एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे निघाला. मी रात्रंदिवस त्याच्याकडे बघायचे. लूम थांबले की मला धस्स व्हायचं, सुरू झाले की आणखी धस्स व्हायचं. आईने आमची अंथरुणं दाराजवळ आणली. का आणली ते बोलली नाही. आम्हीही विचारलं नाही. घरात सगळे ओरडून बोलणारे, पण त्या एका गोष्टीवर सगळे मुके झालो.

शाळा उघडल्यावर कार्यक्रम ठेवला. दादाशेठच्या हस्ते गरीब विद्यार्थ्यांना दप्तरं. गरीब म्हणजे आम्हीच, लूमवाल्यांची पोरं. आम्हाला स्टेजवर रांगेत उभं केलं, फोटोत सगळे यावेत म्हणून. आमचे आईबाप मागे, दाराशी. लूमच्या मधल्या पाळीतून सुट्टी घेऊन आलेले, अंगाला कापसाचा भुगा चिकटलेला. आभाराचं भाषण माझ्याकडे होतं. बाईंनीच निवडलं. "परप्रांतीय असून किती छान मराठी बोलते, दादांना आवडेल," असं त्या मुख्याध्यापकांना सांगत होत्या. सभागृहाच्या पार दुसऱ्या टोकाला. मी वाचलं.

बाईंनी लिहून दिलेलं मला तोंडपाठ होतं. मी माईकपाशी गेले. समोर दादाशेठ, गळ्यात हार. त्याने माझ्याकडे बघून तसंच हसून मान हलवली. मला वाटलं, मी आता आभार मानले तर या माणसाला माझा जीव घ्यायची मीच परवानगी देईन.

मी म्हणाले, "आमच्या इमारतीचा खांब गेलाय. आमच्या पिठात रेती पडते. दादाशेठना हे माहीत आहे. लूमजवळ उभं राहून ते म्हणाले, भय्ये आहेत, त्यांना सांगायचं नाही."

दादाशेठ बाजूच्या मुख्याध्यापकांकडे झुकला. त्याचे ओठ हलले. "माईक बंद करा."

माईक बंद व्हायच्या आधी मला कळलं की तो बंद होणार आहे. मी तो हाताने बाजूला केला. आणि छाती भरून श्वास घेतला.

माझा जुना आवाज होता तिथेच होता. कुठे गेला नव्हता. लूमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा, रुमालाखाली दाबलेला. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. मराठीत सांगितलं, मग दाराशी उभ्या असलेल्यांसाठी आमच्या भाषेत सांगितलं. बाई धावत आल्या आणि त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. मी हात बाजूला सारला.

"बाई, रुमाल एकदाच बांधला. आता नाही."

हे मी हळू म्हणाले. त्यांना तेवढं ऐकू आलं.

दाराशी बाबूजी उभे होते. मला वाटलं, मारतील. त्यांनी लांबून नुसते ओठ हलवले. "घर चल. सामान बाँध."

संध्याकाळच्या आत आम्ही निघालो. आमच्याबरोबर काही घरं निघाली, काही राहिली. बाबूजींचं काम गेलं. शाळेने परीक्षेला बसू दिलं, पण निरोप समारंभाला बोलावलं नाही. आता आम्ही भिवंडीबाहेर दिघाशीला पत्र्याच्या खोलीत राहतो. बाबूजी गोडाऊनमध्ये माल चढवतात. मी भिवंडीत कॉलेजला जाते.

इमारत पडली नाही. लोक मला हे सुनावतात, "बघ, पडली का?" खांबाला नवं प्लास्टर झालं, बाहेरून पिवळा रंग दिला. लूम चालू आहेत. रिकाम्या खोल्यांत नवीन माणसं आली. आमच्यासारखीच, नुकतीच गावाहून आलेली.

मागच्या महिन्यात कॉलेजातून येताना मी त्या रस्त्याने गेले. आमच्याच खिडकीत एक बाई उभी होती, कडेवर लेकरू. शेजारच्या खिडकीतल्या बाईशी बोलत होती. लूमच्या आवाजात काहीच ऐकू येत नव्हतं. मी वाचलं.

"आटे में फिर रेत."

मी भर रस्त्यात थांबले आणि तिला हाक मारली. रिक्षा थांबल्या, चहावाला वळून बघायला लागला. मी ओरडून सांगायला सुरुवात केली, खांब, सळई, दादाशेठ, सगळं. ती खिडकीतून वाकली. कारखान्यातून दादाशेठचा माणूस बाहेर आला. माझ्या अंगावर येऊन उभा राहिला.

"ए पोरी, आवाज खाली कर. न्हायतर तोंड बंद कराया येतं आमाला."

मी दप्तरातून तोच जुना रुमाल काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"घे. बांधून बघ."

त्याने हात पुढे केला नाही. मी मान वर करून खिडकीकडे बघितलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. आता मी रोज त्याच रस्त्याने जाते.