तुटलेला न्यूट्रल आणि भीमराजकाकांचा टीव्ही

माधुरी वाहुळे घाटकोपरच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि गोवंडीला सात मजली इमारतीत सहाव्या मजल्यावर राहते. तिचा जुना वैताग एकच. लोक विजेबद्दल वाट्टेल ते बोलतात. "आज लाइट जास्त येतेय", "करंट संपला वाटतं". ती दुरुस्त करते, समोरचा "बरोबर आहे मॅडम" म्हणतो आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच बोलतो.

एका रविवारी दुपारी ती पेपर तपासत बसली होती. डोक्यावरचा पंखा अचानक सुसाट फिरायला लागला. उत्तरपत्रिका उडाल्या. बुद्धमूर्तीपुढचा पिवळा दिवा पांढराशुभ्र पेटला आणि फट्‌कन गेला. तिनं आधी घरातला मेन स्विच पाडला. तेवढ्यात तळमजल्यावरची अस्मिता जिने चढून धापा टाकत आली.

"ताई, माझी इस्त्री तापतच नाहीये. बल्ब तर काजव्यासारखा झालाय."

"काय काय चालू आहे तुझ्याकडे?"

"इस्त्री, गिझर, मशीन. रविवार आहे ना!"

माधुरीच्या लक्षात आलं. इमारतीत तीन फेजच्या तीन तारा येतात आणि सगळ्यांची परतीची तार एकच, न्यूट्रल. ती शाबूत असेल तर प्रत्येक घराला दोनशे तीस व्होल्ट मिळतात. ती तुटली की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकामागे एक, सिरीजमध्ये जोडल्यासारखी होतात आणि दोन फेजमधले चारशे व्होल्ट आपसांत वाटून घेतात. वाटणी मात्र उलटी. ज्याच्याकडे जास्त उपकरणं चालू, त्याला कमी व्होल्टेज. ज्याच्याकडे कमी, त्याच्या माथी जास्त.

समोरच सोसायटीचे सेक्रेटरी भीमराजकाका राहायचे. मीटर रूमची किल्ली त्यांच्याकडे.

"काका, किल्ली द्या. अख्ख्या बिल्डिंगचा मेन पाडायला हवा. न्यूट्रल गेलाय."

"गेला तर गेला, लाइट आहे ना? आज मॅच आहे, माधुरी. लोक मला फाडून खातील."

"अहो, उपकरणं जळतील!"

"लाइनमनला फोन कर. तो येईल, बघेल. किल्ली मी कुणाला देत नाही."

तिनं फोन केला. मग वाद घालत बसण्यापेक्षा ती एकेक दार ठोठावत सुटली. "घरातला मेन बंद करा, सगळा!" कुणी विचारलं, "फ्रिजपण?" कुणी म्हणालं, "मोबाइल चार्जिंगला राहू दे ना?" ती घसा फोडून सांगत होती. वरचे मजले सगळे एकाच फेजवर होते. ते एकदाचे बंद झाले आणि ती खालच्या मजल्यांकडे वळली.

तेव्हाच वरून धडाम आवाज आला.

भीमराजकाकांनी तिचं अर्धं ऐकलं होतं. पंखे, फ्रिज, दिवे बंद केले होते आणि टीव्ही तेवढा चालू ठेवला होता. माधुरी धावत वर आली तेव्हा टीव्हीच्या मागून धूर निघत होता. काका घामाघूम होऊन दारात उभे होते. त्यांनी किल्ली पुढे केली.

लाइनमन आला, न्यूट्रलचा जळालेला जोड त्यानं कापून नवा केला. संध्याकाळी खाली सगळे जमले तेव्हा काका म्हणाले, "हिनं सगळ्यांना बंद करायला लावलं, म्हणून माझा टीव्ही गेला."

माधुरीला संताप याचाच आला, की ते खरं होतं. त्या फेजवर बाकी सगळे बंद झाल्यामुळे जवळजवळ सगळं व्होल्टेज एकट्या टीव्हीवर आलं होतं. किल्ली आधी मिळाली असती तर ही वेळ आली नसती, हेही खरं होतं. ती दोन्ही बोलली. लोकांनी पहिलं तेवढं ऐकलं.

आठवडाभर काका तिच्याशी बोलले नाहीत. मग जिन्यात त्यांनीच अडवलं. "मला एक सांग. तीन तारांतून करंट येतो. तिघांची परतीची तार एक. मग ती सगळ्यात जाड का नाही?"

"कारण तिघांचा करंट एकाच वेळी टोकाला जात नाही, काका. ऑल्टरनेटिंग आहे, सारखा दिशा बदलतो. एक वर असतो तेव्हा दुसरे दोन खाली. तिघांवर सारखा भार असेल तर बेरीज शून्य, न्यूट्रलमधून काहीच जात नाही."

काकांनी विचार केला. "म्हणजे भांडण बरोबरीचं असेल तर मध्यस्थाला काम नाही."

हे वाक्य वर्गात आपल्याला का सुचलं नाही, म्हणून माधुरी आणखीच चिडली. "तसंच समजा," ती म्हणाली.

"समजलं," काका म्हणाले. "पण टीव्ही तुझ्यामुळेच गेला."