घोंगडीखालची ठिणगी

मंजुळाबाईच्या होडीचं इंजिन होडी रिकामी असताना कधी बंद पडलं नाही. पडायचं ते होडीत मेंढरं असली तरच. रिकामी होडी बेटाकडं निघाली की शहाण्या बैलासारखं सरळ चालायचं. परतताना दाटीवाटीनं मेंढरं उभी, होडी ऐन मधल्या पाण्यात, आणि हे आधी खोकायचं, मग दोन-चार झटके द्यायचं, मग गप्प. वल्ही मारत कसंबसं काठाला लागावं आणि दोरी ओढावी, तर पहिल्या ओढीला सुरू. सरळ मोडून पडलेलं इंजिन माणूस दुरुस्त तरी करतो. अधूनमधून मोडणाऱ्याचं काय करायचं?

नाथसागर धरणाच्या मागं साठून पसरलेल्या पाण्याला, फुगवट्याला, गंगापूर तालुक्यातल्या काठावर मंजुळाबाई राहते. पत्र्याच्या दोन खोल्या, शेजारी मेंढरं कोंडायची जाळी. लहानपण मेंढरांमागं हिंडण्यात गेलं, शाळा तिनं बाहेरूनच पाहिली. लग्न होऊन इथं आली तेव्हा नवरा बिरू उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळावर मेंढरं चारायचा. पाण्याच्या मधोमध एक टेकाड आहे. धरण भरू लागलं की त्याचं बेट होतं, तिथं कुणाचं जनावर पोचत नाही, आणि गवत गुडघाभर वाढतं. बिरूनं जन्मभर ते गवत काठावरून नुसतं पाहिलं. तो गेल्यावर मंजुळाबाईनं एका मासेमाऱ्याची जुनी फायबरची होडी घेतली, मागं लटकणाऱ्या पेट्रोलच्या इंजिनासकट.

भावकी हसली. एका चुलत सासऱ्यानं तर तोंडावरच सांगितलं, आता मेंढरांना पोहायला शिकव. पुढच्या पावसाळ्यात तोच सासरा आपला कळप घेऊन काठाला उभा राहिला, तेव्हा मंजुळाबाईनं विचारलं, "मामंजी, तुमची शिकली का पोहायला?" आणि मग त्याची मेंढरं होडीतून नेली. ती अशीच आहे. बोलून घेते आणि काम करते.

यंदा गणपती बसले त्या आठवड्यात वरच्या धरणांतून पाणी सोडलं. फुगवटा चढू लागला. बेटावर तिचा सगळा कळप होता आणि राखणीला धाकटा दीर हनुमान. आज अंधार पडायच्या आत टेकाडाचा माथाही बुडेल, असा निरोप एका पहाटे गावात आला. इथल्या मासेमाऱ्यांकडं थर्माकोलचे तराफे. त्यावर मेंढरू कुठं उभं राहणार? होडी एकच, तिची. सकाळी पहिली खेप आणताना इंजिन मध्येच थांबलं, वाऱ्यानं होडी फरफटत धरणाकडं नेली, आणि घाबरलेली एक मेंढी उडी मारून बुडाली. बाकीची काठाला आणताना मंजुळाबाईच्या तळहातांची साल निघाली.

मुलगा भारत चितेगावच्या एका कंपनीत विजेच्या खात्यात आहे. त्यानं फोनवर निक्षून सांगितलं की हनुमानकाकाला घेऊन ये आणि मेंढरं सोडून दे. मेंढरं परत घेता येतील, आई परत मिळत नाही. मंजुळाबाईनं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि शहरात शहागंजला दुकान असलेल्या सांडूला लावला.

सांडू फवारणीचे पंप, पाण्याच्या मोटारी आणि समोर येईल ते इंजिन दुरुस्त करतो. हे इंजिन त्यानं याआधी दोनदा दुकानात पाहिलं होतं. प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, पाण्याच्या पिंपात उभं करून तासभर चालवलं. एकदाही खोकलं नाही. तेव्हाच त्यानं कबूल केलं होतं, जे माझ्यासमोर बिघडतच नाही ते मी धरणार कसं. आज हातातलं काम टाकून एसटीनं आणि पुढं जीपनं तो दुपारपर्यंत काठाला पोचला, कारण फोनवर मंजुळाबाई पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली होती.

त्यानं आधी काहीच उघडलं नाही. फक्त विचारत राहिला. पाऊस असताना बंद पडतं का? नाय. तापल्यावर? जातानाही तापतंच की. एकटी असताना? कधीच नाय. मग कधी? भरल्या होडीत.

"भरल्या म्हणजे ओझं," सांडू म्हणाला. "पिंपात त्याला ओझं कुठं होतं, मावशी? ते तर मजेत हवा खात होतं."

मग ओझं द्यायचं, पण पाण्यात न जाता. होडीच्या मागच्या कडीला जाड दोर बांधून त्यानं काठच्या बाभळीला अडकवला, इंजिनाचं झाकण काढलं, गियर टाकला आणि पूर्ण रेस दिली. होडी पुढं ओढू लागली, दोर ताठ झाला, मागं गाळाचं पाणी उसळलं. बाभूळ हलली. थोड्या वेळानं इंजिन खोकलं. सांडूला आयुष्यात कुठल्याही इंजिनाच्या खोकल्याचा इतका आनंद झाला नसेल.

पण खोकतंय कुठून? प्लग, कॉईल, वायर सगळं दिसायला धडधाकट. तेवढ्यात मंजुळाबाई त्याच्या खांद्यावर थापटून ओरडली की ते टिकटिकतंय. त्या गदारोळात सांडूला काही ऐकू येईना. शंभर मेंढरांच्या बेंबाटण्यात हरवलेलं एक कोकरू ओळखणारे ते कान होते. तिनं इंजिन बंद करायला लावलं.

"हिवाळ्यात घोंगडी झटकली की होतं ना, तडतड, तडतड. अगदी तसंच हाय बघ."

सांडूला काही उमजेना. शहरातल्या पोराला घोंगडी कुठली माहीत असणार! मग तिनंच सांगितलं, कोरड्या थंडीत रात्री अंगावरची घोंगडी ओढली की लोकरीत बारीक चांदण्या फुटतात. लहानपणी त्यासाठीच तिच्या सगळ्या भावंडांत मारामारी व्हायची. आता त्याच्या डोक्यात उजेड पडला. करंट आत जायचा सोडून बाहेरच कुठंतरी उडी मारतोय. पण कुठं, ते भर उन्हात दिसणार नाही. अंधार पाहिजे. आणि अंधार पडेपर्यंत बेट उरणार नाही.

मंजुळाबाईनं तोवर खांद्यावरची घोंगडी काढलीही होती. काळी, जाड, बिरूच्या आईच्या हातच्या सुताची. दुपारच्या उन्हात तिच्याखाली झोपलेल्या माणसाला स्वतःचा हात दिसत नाही, हे मेंढपाळाशिवाय कुणाला कळणार?

सांडूनं पेट्रोलची टाकी नळीच्या लांबीइतकी दूर सरकवली, सांडलेले थेंब पुसून वारा लागू दिला. फिरत्या चाकात लोकर अडकू नये म्हणून वल्हं आणि काठी उभी करून वर घोंगडीचा छोटासा तंबू केला. मावशीला पदर खोचायला आणि हात मांड्यांखाली धरायला सांगितलं. मग इंजिन पुन्हा सुरू करून गियर टाकला, दोघांनी डोकी आत घातली आणि त्यानं बाहेर हात काढून रेस दिली.

आधी नुसता काळोख. लोकरीचा, पेट्रोलचा, तेलाचा वास, आणि कानठळ्या बसवणारा आवाज. डोळे हळूहळू अंधाराला सरावले.

आणि मग ती दिसली. प्लगच्या टोपीशी वायर जिथं वाकते तिथं, केसाएवढ्या चिरेतून, एक निळी रेघ बाजूच्या लोखंडावर उडी मारत होती. जाईच्या देठाएवढी. क्षणात असायची, क्षणात नसायची. इंजिन जितका जोर लावी तितकी दाट होई. सांडूनं रेस कमी केली की पुसून जाई, वाढवली की पुन्हा फुटे. तिच्या उजेडात सांडूचं नाक, त्याच्या कपाळावरचा घाम, घोंगडीचा एकेक धागा निळा होऊन परत काळा होत होता. आभाळातली इज मंजुळाबाईनं जन्मभर पाहिली होती. उघड्या माळावर तिच्यापायी मेंढरं मेलेली पाहिली होती. तीच इज, एवढीशी होऊन, तिच्या तोंडासमोर वीतभरावर नाचत होती आणि काही करत नव्हती. तिचे हात आपोआप जोडले गेले. मांड्यांखाली धरायचे होते हे ती विसरली.

सांडूनं इंजिन बंद केलं. दोघंही डोकं बाहेर काढेनात.

उरलेलं काम लहान होतं. चिरलेला तुकडा कापला, वायरीला नवं तोंड केलं, टोपी परत घट्ट फिरवून बसवली, वायर लोखंडापासून दूर बांधली. हे करता करता त्यानं तिला सांगितलं की रिकाम्या होडीत करंटाला आतली वाट सोपी असते. ओझं आलं की आत दाब वाढतो, ती वाट अवघड होते, आणि मग तो चिरेतून पळतो. पुन्हा दोर ताणून पाहिलं. पुन्हा घोंगडीत डोकी घातली. या वेळी काळोख काळोखच राहिला, आणि इंजिन एका सुरात ओरडत राहिलं.

तरी खरी परीक्षा पाण्यावरच होती. सांडूला पोहता येत नव्हतं. मंजुळाबाईनं त्याला उतर म्हटलं. तो उतरला नाही.

बेट आता अंगणाएवढं उरलं होतं आणि हनुमान पोटरीभर पाण्यात उभा होता. पहिली खेप त्यांनी अर्धीच भरली. मधल्या पाण्यात, रोजच्या जागी, सांडूनं वल्हं हाताशी घेतलं. इंजिन चालत राहिलं. दुसरी खेप पूर्ण भरली, तिसरीही. शेवटच्या खेपेला हनुमान, त्याची पेटी, लंगडी मेंढी आणि नको इतकी गर्दी झाली. पाणी होडीच्या काठापासून चार बोटं खाली. मंजुळाबाई मागं इंजिनाजवळ बसली होती. मधल्या पाण्यात आल्यावर तिनं विचारलं, "आता ती इज कुठं गेली रे?"

"आत. प्लगच्या टोकावर पडतीय, मावशी. सारखी. दिसत नाही फक्त."

"आत्ता बी?"

"आत्ता बी. थांबली तर आपण थांबू."

तिनं सुकाणू धरलेल्या हाताची पकड जरा सैल केली, आणि काठ येईपर्यंत झाकणाकडं बघत राहिली.

मेंढरं चिखलात उड्या मारून जाळीकडं पळाली. हनुमाननं पुढं होऊन मोजली. सकाळी बुडाली ती एकच कमी होती. मागं वळून पाहिलं तर टेकाडाच्या जागी नुसतं पाणी.

भारतचा फोन आला तेव्हा ती काठावरच उकिडवी बसली होती. त्यानं आधी रागानं आणि मग रडवेल्या आवाजात विचारलं, ती गेली होती का, सगळी आली का. आली, ती म्हणाली, काकाबी आला, ते झालं.

"भारत, तुज्या कंपनीत बी असतंय का रे असलं? निळं, एवढंसं, उडी मारतंय बघ."

असतं की, त्यानं सांगितलं, रोजच बघतो, त्यात काय.

"रोज बघतूस," मंजुळाबाई म्हणाली, "आन इतक्या वर्सांत घरी येऊन मला एकदा बी सांगितलं नाय?"

मग भारत हळूच म्हणाला, रविवारी गाडी पाठवतो, तूच ये बघायला.