हिरव्या झाकणाचा डबा

लिफ्टवाल्याचा स्वतःच्या हातांखेरीज कुणावरही विश्वास नव्हता, आणि त्याच्या धंद्यात तो गुणच होता. दुरुस्तीला हात घालण्याआधी तो मेन स्विच पाडायचा, त्याला आपलं कुलूप घालायचा आणि किल्ली खिशात टाकायचा. रखवालदाराने शपथेवर सांगितलं, "वीज बंद आहे हो," तरी हा म्हणायचा, "असेल. पण किल्ली खिशात असली की मला काम सुचतं."

अशा माणसाच्या घरी भिंगरी जन्माला आली. दूध, अंडं, शेंगदाणे, तीळ, यांतलं काहीही पोटात गेलं की पोरीचे ओठ सुजायचे, अंगावर गांधी उठायच्या. एकदा तर श्वास अडकला होता. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं म्हणतात. या घरात दूधही बंद आणि ताकही, त्यामुळे पाणीच फुंकून प्यायची पाळी आली होती.

लिफ्टवाल्याने आपल्या पठडीतला इलाज केला. भिंगरीच्या खाण्याचं वेगळं कपाट, त्याला कुलूप, किल्ली खिशात. पहिल्याच दिवशी तो किल्लीसकट कामावर गेला आणि दोन मजल्यांच्या मध्ये लोंबकळत असताना बायकोचा फोन आला.

"तुझ्या लेकीला भूक लागलीय. येतोस, की कपाट फोडू?"

कुलूप गेलं, हिरवी चिकटपट्टी आली. भिंगरीची ताटली, वाटी, चमचा, कढई, सुरी, डब्याचं झाकण, सगळं हिरवं. ज्या पोरीला फ्रॉकचं बटण लावता येत नव्हतं ती दोन दिवसांत ओरडू लागली, "हिरवं माझं!" बापाची छाती अशी फुगली, जणू चिकटपट्टीचा शोध त्यानेच लावला होता.

त्याच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे भिंगरीच्या आत्याला, ही सगळी थेरं वाटायची. "अरे, थोडंसं देत गेलं की सवय होते पोरांना."

"ताई, लिफ्टचा दोर थोडासाच तुटलाय म्हटलं तर बसशील?"

"मी जिन्याने जाईन," आत्या म्हणायची. तिला हरवणं अवघड होतं.

भिंगरी चार वर्षांची झाली आणि तिने शाळेचं खूळ घेतलं. खिडकीत उभी राहून ती दप्तरवाल्या पोरांना हात करायची. बायको म्हणाली, "घालू या." लिफ्टवाला म्हणाला, "बघू या." या दोन शब्दांत बरेच महिने गेले. अखेर बालवाडीच्या बाईंनी डॉक्टरांकडून सगळं समजून घेतलं, औषध आणि इंजेक्शन वर्गाच्या कपाटात ठेवलं, तेव्हा याला सबबच उरली नाही.

पहिल्या दिवशी तो वर्गाबाहेरच्या बाकावर ठाण मांडून बसला.

"तुम्ही गेलात तरी चालेल," बाई म्हणाल्या.

"मला इथे काम आहे."

"कसलं?"

"बसायचं."

मधल्या सुट्टीत भिंगरीच्या शेजारी एक बोबडा मुलगा डबा उघडून बसला. झाकण हिरवंगार. "हिरवं माझं," म्हणत भिंगरीने त्यातला पाव उचलला आणि चावा घेतला. पावाला लोणी होतं.

"बाई, जीभ चावते," ती म्हणाली.

लिफ्टवाला दार ढकलून आत येईपर्यंत बाईंनी औषध पाजलं होतं आणि इंजेक्शन हाताशी घेतलं होतं. तिघं तशीच दवाखान्यात गेली. इंजेक्शन लागलं नाही. पण ओठांची सूज पुरती उतरून डॉक्टर "आता न्या" म्हणेपर्यंत लिफ्टवाला खाटेपासून हलला नाही. घरी आल्यावर म्हणाला, "शाळा बंद."

भिंगरीने तोंड एवढंसं केलं. "पण बाबा, ते हिरवं होतं."

बाहेरच्या जगात हिरव्या झाकणांचा तुटवडा नसतो, हे त्या शहाण्या लिफ्टवाल्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. पोरीने बापाचं ऐकलं होतं, हीच तिची चूक.

"एक लिफ्ट अडकली म्हणून तू इमारत पाडतोस का?" बायकोने विचारलं.

त्या संध्याकाळी तो नखांनी पट्ट्या खरवडत बसला. भांडी वेगळीच राहिली, पण भिंगरीला नवा धडा मिळाला: कुणी काही दिलं की मोठ्या माणसाला विचारायचं, "यात काय आहे?" उत्तर नीट आलं नाही तर तोंडाला कुलूप.

परीक्षा घ्यायला आत्या केक घेऊन हजर झाली.

"यात काय आहे?"

"काही नाही गं, नुसता केक."

"केकमध्ये काय आहे?"

"मैदा, साखर…"

"आणि?"

"थोडंसं दूध."

"थोडंसं दूध म्हणजे दूधच," भिंगरी म्हणाली आणि ताटली आत्याच्या पुढ्यात सरकवली. आत्या आयुष्यात पहिल्यांदा हरली. पुढच्या खेपेला तिने सफरचंदं आणली, आणि कुणी विचारायच्या आत जाहीर केलं, "यात सफरचंद आहे!"

सोमवारी भिंगरी पुन्हा शाळेत निघाली. फाटकाशी लिफ्टवाल्याने खिशातून लिमलेटची गोळी काढून पुढे केली. भिंगरीने हात मागे घेतला.

"यात काय आहे?"

"अगं, मी बाबा आहे!"

"हो. पण यात काय आहे?"

लिफ्टवाल्याने चष्मा लावला, भर रस्त्यात कागदावरची बारीक अक्षरं शेवटापर्यंत वाचून दाखवली. मगच गोळी तोंडात गेली. त्याला जरा लागलं, पण त्याहून जास्त बरं वाटलं. त्या दिवशी तो बाकावर बसला नाही. थेट कामावर गेला.

आठवड्याभराने त्या बोबड्या मुलाच्या आईने त्याला फाटकात गाठलं.

"तुम्हीच ना भिंगरीचे बाबा? अहो, आमचं कार्टं हल्ली प्रत्येक घासाला विचारतं, यात काय आहे! आणि भोपळा म्हटलं की उठून जातं."

"मग काय सांगता?"

"सांगते काय, आता खरं सांगावं लागतं!"

लिफ्टवाला हसला आणि हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून निघाला. आतून पोरांचा गलका ऐकू येत होता, आणि सगळ्यांच्या वरचा आवाज त्याच्या ओळखीचा होता.