आजचे विनातिकीट

शिवलिंगप्पा मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की प्रभुनं मनात अढी धरून लिहिलंय. अढी आहेच.

हा माणूस एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होता. निवृत्त झाला, पण गाडीतून उतरला काही नाही. आता तो व्हॉट्सअॅपवर ‘शुगर परिवार, सोलापूर’ नावाचा ग्रुप चालवतो. दोनशे बारा माणसं. साखरेचे पेशंट आणि त्यांच्या घरचे. एकमेकांना आधार द्यायचा, धीर द्यायचा म्हणे! आधार कसला, रोज सकाळची हजेरी. आठच्या आत उपाशीपोटी शुगर तपासायची आणि मीटरचा फोटो टाकायचा. फोटोत मीटर पाहिजे, टोचलेलं बोट पाहिजे आणि मागं त्या दिवसाचं कॅलेंडरचं पान पाहिजे. ज्यांनी फोटो टाकला नाही त्यांची यादी सव्वाआठला यायची, नावानिशी आणि गावासकट. यादीचं नाव ‘आजचे विनातिकीट’.

नव्या माणसाला तो आधी स्वतःची कथा ऐकवतो. चौदा मिनिटांचा आवाजी निरोप असतो, मी दोनदा ऐकलाय. मोडनिंबच्या पुढं चालत्या गाडीत त्याची साखर एकदम उतरली. हातपाय थरथरायला लागले, जीभ जड झाली, हा दोन सीटांच्या मध्ये कोसळला. लोक म्हणाले, कंडक्टर प्यालाय. दोघांनी व्हिडिओ काढला. करकंबची केराबाई नावाची एक म्हातारी होती, तिच्या सासूला हाच आजार, तिनं ओळखलं आणि पिशवीतला गूळ याच्या तोंडात कोंबला. “गाडीत पन्नास मान्सं हुती, पर ठावं हुतं एकीलाच,” असं म्हणून तो गळा काढतो. त्या म्हातारीनं गूळ घरी विसरायला हवा होता, असं मी एकदा रागाच्या भरात बायकोपाशी बोललोही होतो.

आण्णांना त्या ग्रुपमध्ये मीच घातलं. आण्णा म्हणजे माझे वडील, कल्लप्पा. आमचं किराणा दुकान आहे, ते गल्ल्यावर बसतात. नव्या चपलेनं त्यांच्या डाव्या अंगठ्याला फोड आला, फुटला आणि भरेचना. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की दीड महिन्यात साखर खाली आली नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि ते तिथंच थांबेल याची खात्री नाही. आण्णा घरी येऊन दोन तास पायाकडं बघत बसले होते. मला वाटलं, चार जणांत राहतील, ऐकतील, पथ्य पाळतील.

पहिल्याच आठवड्यात त्यांचा आकडा दोनशे एक्कावन्न आला. त्यावर शिवलिंगप्पाचा आवाजी निरोप, सगळ्यांसमोर: “कल्लप्पा, सोलापूर-पुणं अडीचशे किलोमीटर. तू पुण्यात पोचलास की गा! उतर आता.” खाली दोनशे लोकांची हसरी तोंडं. त्यात माझ्या बहिणीचे सासरेही होते. आण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. व्याह्यांनी हसावं हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

माझं सात रस्त्याला फ्लेक्सचं दुकान आहे. पुढाऱ्यांच्या डोक्यावर केस उगवायचं काम मी रोज करतो, मला मीटरवरचा आकडा बदलायला किती वेळ लागणार? तसं म्हटलं तर आण्णा उखडले. “गळ्यात इष्टलिंग हाय माज्या. खोटा आकडा न्हाय चालायचा. रगत खरं पायजे.” असं म्हणून त्यांनी अव्वाला हाक मारली. अव्वा म्हणजे आमची आई, नागम्मा. “नागम्मा, बोट दे. घरातलंच रगत हाय की.” आणि अव्वानं पिठाचा हात पदराला पुसून बोट पुढं केलं. यात काही चुकतंय असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. नवऱ्याला चारचौघांत कुणी हसत असेल तर बायकोनं बोट द्यायचं, त्यात विचारायचं काय?

पहिल्या दिवशी एकशे चौतीस. ग्रुपवर टाळ्या. शिवलिंगप्पा म्हणाला, “शाब्बास कल्लप्पा, निम्म्या वाटंत परत आलास.” आण्णा गल्ल्यावर बसून तो निरोप गिऱ्हाइकांना ऐकवायचे. आपली साखर खरंच उतरली असं त्यांना वाटायला लागलं की काय, देव जाणे. स्वतःचं बोट त्यांनी पुन्हा टोचलं नाही. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात जाऊन त्यांनी आंबील-भज्जीवर ताव मारला आणि वर खीर दोनदा घेतली.

अव्वाचा आकडा मात्र वर सरकत होता. एकशे पन्नास, एकशे बहात्तर, एकशे नव्वद. मी म्हणायचो, अव्वा, उपाशीपोटी म्हटलं तरी तू चोरून चहा घेतेस. ती म्हणायची, नाही रे. दोनशेच्या वर गेलं की शिवलिंगप्पा पुन्हा पुण्याला नेणार, म्हणून मी तसला फोटो खोडून टाकायचो आणि दुसरं बोट मागायचो. कधी तिसरं. एकशे शहाण्णव आलं की सुटलो. हल्ली ती फार पाणी पिते, सारखी उठते, हेही मला दिसत होतं. मी म्हटलं, यंदा ऊन लवकर पडलंय.

एका गुरुवारी सकाळी दहाला शिवलिंगप्पा स्वतः घरी आला. न बोलावता आला आणि न सांगता पलंगावर बसला.

“कल्लप्पा, बोट दाव.”

आण्णांनी हात मागं घेतला. मी पुढं झालो. “आमच्या घरातलं आम्ही बघून घेऊ. तुम्ही निघा.”

“एकतीस वर्सं लोकांच्या हातात तिकिटं दिलीत मी,” तो आण्णांकडंच बघत म्हणाला. “बाईचं बोट आन बाप्याचं बोट मला कळंना व्हय? भाकरीचा चटका हाय त्येच्यावर. पंद्रा दिस झालं बगतोय.”

“मग ग्रुपवर का नाही बोंबललात?” मी विचारलं. “तिथं तर तुमची जीभ लई चालते.”

“बोललो आसतो तर ह्यो गेला आसता निघून. तसलं लई घालवलेत मी.” त्यानं पिशवीतून स्वतःचं मीटर काढलं. “दे कल्लप्पा. कुणाला दावत न्हाय.”

आण्णांनी बोट दिलं. तीनशे बासष्ट. आण्णा आकड्याकडं बघून एकदम लहान झाले. “पाय जाईल का गा माजा?” एवढंच त्यांनी विचारलं. शिवलिंगप्पानं अंगठ्याची पट्टी सोडून बघितली आणि म्हणाला, “आजच दवाखान्यात चल. मी येतो संगं.” मग त्यानं स्वयंपाकघराकडं तोंड केलं. “वैनी, जरा हिकडं या.”

“माजी कशाला बगताय?” अव्वा दारातनंच म्हणाली. “आजारी ह्ये हायत की.”

त्यानं तिचं बोट टोचलं. दोनशे एकतीस. मग तो माझ्याकडं वळला. “येका दिवसाला किती फोटू काढत हुतास रे?”

मी फोन काढला, खोडलेल्या फोटोंची जागा उघडली आणि त्याच्या हातात दिला. महिनाभराचं सगळं तिथं साठलेलं होतं. तो एकेक करत वाचत गेला, तारखेसकट: दोनशे चार, दोनशे नऊ, दोनशे चौदा, दोनशे सत्तावीस. आवाज अजिबात न चढवता.

पुढं आण्णांचा अंगठा गेला, पाय राहिला. अव्वाला गोळ्या चालू झाल्या, डोळ्यांच्या पडद्याला थोडी इजा झालीय म्हणतात, आता सुईत दोरा ओवायला ती सुनेला हाक मारते. पण ते नंतरचं. त्या सकाळी ती पदरानं बोट दाबून धरून उभी होती आणि मला म्हणाली, “रोज तीन-तीन बोटं दिली मी. त्यातला येकबी आकडा माजा म्हनून बगितला न्हाईस व्हय रे, प्रभु?”

दोनशे माणसांना रोज फाडून खाणारा तो माणूस समोर बसला होता. त्यानं मला शिव्या घालाव्यात, त्या यादीत माझं नाव टाकावं, असं मला फार फार वाटत होतं. त्यानं फोन बंद करून माझ्या हातात दिला आणि आण्णांच्या चपला शोधायला लागला. याची मी त्याला अजून माफी दिलेली नाही.